सगळ्या कामाला एक बंदूक: डहाणू–तलासरीच्या रानातून एक आढावा

पावसाळा सरत येतो, भात दाणा धरू लागते आणि कासा, सायवन, उधवा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची रात्रीची झोप जाते. शेताच्या कडेला माळा बांधायचा, शेकोटी पेटवायची, पत्र्याचा डबा वाजवत पहाट करायची. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खातो त्याहून जास्त तुडवतो. सकाळी लोळवलेले भात पाहताना मनात येते, की आपल्याकडे एक चांगली बंदूक असती तर.

‘चांगली बंदूक’ म्हणजे कोणती? सशापासून सांबरापर्यंत आणि पाखरापासून डुकरापर्यंत सगळ्याला पुरेल अशी एकच बंदूक आणि एकच काडतूस निवडायचे असेल तर कोणते, हा शिकारी जगातला जुना वाद आहे. आपल्याकडे तो बहुधा गप्पांतच राहिला, कारण कायद्याने १९७२ पासून शिकारीला आवळले आणि १९९१ पासून ती जवळपास पूर्ण बंद केली. तरीही पीक राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका आजही आहेत, नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी मिळू शकते आणि चोरून होणारी शिकारही थांबलेली नाही. म्हणून हा प्रश्न नीट तपासून पाहावा असे मला वाटते. तो तपासताना परदेशी रानांची उत्तरे उसनी न घेता डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची जमीन, तिथली माणसे आणि तिथे लागू असलेला कायदा यांच्यापासून सुरुवात करायला हवी.

जगाने दिलेली उत्तरे

आधी परिभाषा. ज्या बंदुकीच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात ती रायफल. या पिळांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती छऱ्यांची बंदूक. रायफलीचे माप नळीच्या व्यासावरून, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. छऱ्यांच्या बंदुकीचे माप वेगळ्या हिशेबाने ठरते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात.

अमेरिकेत सर्वकामी रायफल म्हटले की बहुतेकांच्या तोंडी ‘थर्टी-ओ-सिक्स’ येते. हे काडतूस १९०६ साली तिथल्या सैन्यासाठी निघाले. त्याची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि हरणापासून मोठ्या सांबरवर्गीय जनावरापर्यंत सगळ्यांना पुरते. पुढे १९२५ साली .२७० विंचेस्टर आणि १९५२ साली .३०८ विंचेस्टर आले, आणि तिघांचे पाठीराखे आजही भांडत असतात. स्वीडनमध्ये साडेसहा मिलिमीटरच्या जुन्या लष्करी काडतुसाने पिढ्यान् पिढ्या मूससारखे अवाढव्य जनावर मारले गेले. आफ्रिकेत एकच रायफल न्यायची असेल तर १९१२ साली आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचे नाव घेतात.

हिंदुस्थानातल्या शिकारीशी सर्वांत घट्ट जोडले गेलेले काडतूस म्हणजे .२७५ रिग्बी. जर्मन माउझरच्या ७ बाय ५७ मिलिमीटर काडतुसाचे हे इंग्रजी नाव. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच मापाची होती. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच हलक्या काडतुसाने शेकडो हत्ती मारले. त्याचे यश गोळीच्या आकारात नव्हते. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने कवट्या चिरून अभ्यास केला होता.

या सगळ्या वादातून हाती लागणारी गोष्ट एकच आहे. मध्यम ताकदीची कोणतीही शहाणपणाने निवडलेली रायफल बहुतेक कामांना पुरते. फरक पडतो तो गोळी कुठे लागते याने, आणि ते ठरते अंतर, उजेड आणि माणसाचा हात यांवर. म्हणून काडतुसांचे तक्ते बाजूला ठेवून आधी रानाकडे पाहू.

हे रान कसे आहे

डहाणूची पश्चिमेकडची पट्टी समुद्राची आणि चिकूच्या वाड्यांची. घोलवड, बोर्डी, चिंचणी या बाजूला दाट वस्ती आहे. मुंबई–अहमदाबाद महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की साग, ऐन, खैर, बांबूची जंगले, महालक्ष्मीचा डोंगर, गंभीरगड आणि सूर्या नदीचे खोरे लागते. तलासरीतही टेकड्या, ओहोळ, भातखाचरे आणि गवताची कुरणे एकमेकांत गुंतलेली आहेत. गावे एकगठ्ठा नाहीत. एका गावाचे आठ-दहा पाडे असतात आणि प्रत्येक पाडा आपापल्या शेताला लागून वसलेला असतो. रात्रीच्या वेळी कोणत्याही दिशेला पाहा, थोड्या अंतरावर कुणाचे तरी घर असतेच. ओहोळाला खेकडे पकडायला गेलेली पोरे असतात, मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला निघालेल्या बाया असतात.

या जमिनीने दोन अटी आपोआप घातल्या आहेत. एक म्हणजे झाडी आणि चढउतार यांमुळे जनावर दिसते ते बहुतेक वेळा पन्नास मीटरच्या आत. तीनशे मीटरवरून नेम धरण्याची वेळ इथे येत नाही, म्हणून सपाट आणि वेगवान जाणाऱ्या गोळीचा जो मोठा फायदा सांगतात तो इथे वाया जातो. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. गोळी जनावराला लागली नाही, किंवा लागून आरपार गेली, तर ती पुढे कुठे जाईल? रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पाड्यापाड्यांच्या या मुलखात ‘मागे काय आहे’ हा प्रश्न ‘पुढे काय आहे’ याच्या आधी विचारावा लागतो.

जनावरांचेही पाहू. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरच्या काळात या डोंगरांत वाघ होता. आज तो नाही. बिबट्या आहे, डुक्कर आहे, ससा, साळिंदर, भेकर, वानर आहेत. वाघ गेला तरी वाघाच्या रूपातला देव वाघोबा गेला नाही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाच्या दीडशे देवस्थानांची नोंद केली आहे आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वारली आदिवासी आजही त्याची पूजा करतात. बंदुकीने मारावे असे म्हणण्याजोगे जनावर आज या रानात एकच उरले आहे, आणि ते म्हणजे पिकात शिरणारे रानडुक्कर. सर्वकामी बंदुकीचा सगळा वाद इथे त्या एका जनावरापाशी येऊन थांबतो.

तीरकामठ्याने घातलेली अट

या मुलखाचे मूळ हत्यार तीरकामठा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि इतरांच्या चित्रांत कामठा ओढलेला माणूस, पळणारे जनावर आणि मागे धावणारी कुत्री पुन्हा पुन्हा दिसतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या आकृत्यांत शिकारी आणि सावज यांच्यात अंतर फारसे नसते. तीरकामठ्याने काम करायचे तर जवळ जावेच लागते. वाऱ्याची दिशा बघायची, पावलांचा आवाज गिळायचा, जनावर नक्की कोणते आहे ते डोळ्यांनी पाहायचे आणि मगच दोरी सोडायची. वीस-पंचवीस पावलांवरून माणसाला डुक्कर समजण्याची चूक सहसा होत नाही.

तीराची ताकद कमी, म्हणून तो पुष्कळदा जनावराला जखमी करूनच सोडतो, हे खरेच आहे आणि त्याचे गुणगान करताना ते विसरू नये. पण ज्याच्या हातात तीरकामठा होता त्याला अंतर, ओळख आणि संयम ही तीन बंधने हत्यारच घालून देत होते. बंदूक आली आणि ही बंधने सुटली. पन्नास पावलांवरच्या झुडपात काही हलले तरी चाप ओढता येऊ लागला. पुढच्या सगळ्या आढाव्यात माझा मापदंड हाच आहे: हे हत्यार माणसाला जवळ जायला आणि नीट पाहायला भाग पाडते का, आणि पाडत नसेल तर माणूस ते बंधन स्वतःवर घालून घेईल का?

बंदूक या मुलखात आली तीही सारख्या हातांत आली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तीतून सूट दिली. परवाने मिळाले ते अधिकाऱ्यांना, संस्थानिकांना, जमीनदारांना. वेठबिगारीत पिचलेल्या वारल्याकडे कोयता आणि कामठाच राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या किसान नेत्यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले तेव्हा, ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. या भागात बंदुकीच्या आठवणीला हा इतिहास चिकटलेला आहे. तो बाजूला ठेवून फक्त व्यास आणि वेग यांची चर्चा करणे मला जमणार नाही.

ठासणीची बंदूक

सगळ्यांत स्वस्त आणि जुनी बंदूक म्हणजे ठासणीची. तोंडाकडून दारू आणि शिसे भरायचे, गजाने ठासायचे आणि एक बार काढायचा. दुसऱ्या बारासाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला हिच्या परवान्यासाठी वेगळी, तुलनेने सोपी वाट ठेवलेली आहे.

हिचा एक गुण आहे. बार एकच असल्यामुळे जपून वापरावा लागतो आणि गोळी फार लांब जात नाही. दोष मात्र जास्त आहेत. पावसाळी हवेत दारू दमट होते आणि बार फुसका जातो, तोही नेमका भात राखायच्या दिवसांत. नेम भरवशाचा नसतो, गोळीची ताकद दरवेळी सारखी नसते आणि अर्धवट लागलेले डुक्कर झाडीत जाऊन दोन दिवसांनी मरते. पिसाळलेले जखमी डुक्कर माणसालाही फाडते. परवाना नसलेल्या गावठी बंदुकीत तर नळी फुटून स्वतःच्याच हाताला आणि डोळ्याला इजा होण्याचा धोका. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवण्याची किंवा विकण्याची शिक्षा किमान सात वर्षांची आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पीक वाचवायला निघालेल्या घराचा कर्ता माणूस तुरुंगात जाणे हे कोणत्याही डुकराने केलेल्या नुकसानाहून मोठे नुकसान आहे.

बारा बोअर

कोकणपट्टीत परवान्याची बंदूक म्हटले की बहुधा बारा बोअरच, एकनळी किंवा दुनळी. तिच्या काडतुसांसाठी परदेशाकडे पाहावे लागत नाही. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात, आणि तो कारखाना १८६९ पासूनचा आहे. कायदाही तिच्याकडे झुकलेला आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेली गुळगुळीत नळी असेल तर परवान्याची वाट सोपी, आणि ठासणीची बंदूक पीक राखायला पुरेशी नाही असे दिसले तर इतर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. रायफलीसाठी अशी मोकळी वाट नाही.

बारा बोअरची खरी ताकद तिच्या काडतुसांच्या विविधतेत आहे. बारीक छऱ्यांचे काडतूस पाखरांसाठी, मोठ्या छऱ्यांचे एलजी आणि एसजी मोठ्या जनावरांसाठी, आणि एकसंध गोळीचे काडतूस वेगळे. या अर्थाने ‘एक बंदूक, अनेक कामे’ हे वर्णन जगातल्या कोणत्याही रायफलीपेक्षा तिला जास्त लागू पडते.

पण डुकरासाठी कोणते काडतूस, इथे बहुतेक लोक चुकतात असे मला वाटते. सरसकट एलजी भरण्याची पद्धत आहे. मोकळ्या नळीतून निघालेले छरे तीस मीटरवर दोन हातांच्या घेरात पसरतात. बोटांवर मोजता येतील इतक्या छऱ्यांपैकी एखादाच नेमक्या जागी लागतो, बाकीचे मांडीत, पोटात किंवा हवेत. नर डुक्कर शंभर किलोच्या पुढे जाते आणि त्याच्या खांद्यावर कूर्चेचे जाड कवच असते. छरा तिथे अडतो. डुक्कर पळते आणि मरते ते दूर कुठेतरी, तडफडून. एकसंध गोळीचे तसे नाही. तीस-पस्तीस मीटरच्या आत, पुढच्या पायाच्या मागे खालच्या बाजूला ती लागली तर जनावर तिथेच किंवा थोड्याच पावलांत पडते. शिशाचा एवढा जड गोळा वेगही लवकर गमावतो, म्हणून हुकलेली गोळी रायफलीच्या गोळीइतकी लांब जात नाही. मात्र नळीचे तोंड आवळलेले असेल, म्हणजे चोक असेल, तर त्यातून कोणती गोळी चालते हे जाणत्या बंदूकदुरुस्ती कारागिराला विचारल्याशिवाय बार काढू नये. आणि आपली बंदूक गोळी कुठे मारते हे आधी निशाणावर पाच-सहा बार काढून पाहिल्याशिवाय जनावरावर ती रोखूही नये.

तीनशे पंधरा आणि तिच्या बहिणी

भारतातली सर्वसामान्य रायफल म्हणजे ३१५ बोअर. ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. .३१५ इंच म्हणजे आठ मिलिमीटर. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. ते आपल्या गळ्यात का पडले, त्याला इतिहास आहे. सैन्याचे .३०३ काडतूस नागरी हातात नको, कारण चोरलेला लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या बंदुकीत चालेल, ही ब्रिटिशांची भीती होती. याच भीतीपोटी १९०७ साली .४५० मापाच्या रायफलींनाही हिंदुस्थानात बंदी झाली आणि इंग्लंडच्या बंदूककारांना .४७० सारखी नवी मापे काढावी लागली. .३१५ हे सैन्यात नसलेले माप होते, म्हणून ते टिकले. ब्रिटिश गेले, तरी लष्करी मापे नागरिकांना निषिद्ध हे तत्त्व राहिले आणि ३१५ सुद्धा राहिली. पेंदीवर ‘केएफ’ असा ठसा असलेली तिची काडतुसे खडकीची.

तिची गोळी २४४ ग्रेनची, जड आणि बोथट नाकाची, वेगाने मध्यम. तज्ज्ञ तिला जुनाट म्हणतात. शंभर मीटरच्या आतल्या दाट रानासाठी मात्र जड, मध्यम वेगाची आणि मऊ टोकाची गोळी चांगले काम करते. ती मांसाची नासाडी कमी करते. झुडपातून गोळी सरळ जाते असे मात्र समजू नये, डहाळीला लागली की कोणतीही गोळी वळते. डुकराला ३१५ पुरेशी आहे, पुरून उरणारी आहे. तिची उणीव एकच आणि ती जागेची: मागे मातीचा उतार नसेल तर ती पाड्याच्या मुलखात चालवण्याजोगी नाही.

ईशापूरची थर्टी-ओ-सिक्सही मिळते. ताकद जास्त, काडतुसांची किंमत जास्त, आणि लांब पल्ल्याचा जो फायदा आहे तो इथे उपयोगाचा नाही. वाडवडिलांकडून आलेली .२७५ किंवा .३७५ एखाद्या घरात परवान्यासह असेल, तर ती वारसा म्हणून जपावी. काडतुसांच्या टंचाईमुळे तिच्यावर सरावच होत नाही, आणि सराव नसलेली उत्तम रायफल ही सराव असलेल्या साध्या बंदुकीहून वाईट. .२२ ची रायफल निशाणेबाजीसाठी सुंदर आहे. डुकरावर ती झाडणे क्रूरपणाचे आहे. छऱ्याच्या हवाई बंदुकीबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. .१७७ मापापर्यंतची आणि २० जूलपर्यंत ताकदीची हवाई बंदूक परवान्याशिवाय मिळते, म्हणून तिने पाखरे मारायला परवानगी आहे असे अनेकांना वाटते. परवाना बंदुकीला लागत नाही, पण पाखरू मारणे हा गुन्हा आहेच.

चाप ओढण्याआधी कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने सुरुवातीला परवाना घेऊन करायच्या शिकारीला जागा ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढली. शिकारीची व्याख्याही मोठी आहे: मारणे, विष घालणे, फासा लावणे, हाका घालणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि ससा दोघेही दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत आहेत.

आदिवासींच्या परंपरागत शिकारीचे काय, हा प्रश्न डहाणू–तलासरीत नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज, चराई, मासेमारी असे पुष्कळ हक्क मान्य केले, पण शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. ज्यांच्या आजोबांच्या हातात तीरकामठा होता त्यांना हे डाचते, आणि डाचणे स्वाभाविक आहे. तरी वस्तुस्थिती ही, की पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार असलेल्या अनुसूचित भागात, राहणाऱ्या वारल्यालाही सशामागे फासा लावण्याची मुभा आज कायदा देत नाही.

पिकासाठी मात्र वाट आहे. याच अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीबाहेरचे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले, तर अधिकृत अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगीने ते मारण्याची मुभा देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुकरांसाठी ही पद्धत सोपी केली. केरळने २०२२ मध्ये हे अधिकार पंचायतींपर्यंत नेले. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते, त्याचे मांस वाटून घेता येत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई हा वेगळा मार्ग आहे आणि पंचनामा वेळेत करून घेतला तर तो बंदुकीपेक्षा स्वस्त पडतो.

या कायदेशीर वाटेचा शेतकऱ्याला भरवसा वाटला नाही की दुसऱ्या वाटा सुरू होतात. कुंपणात सोडलेली वीज, तारेचे फासे, आमिषात लपवलेला गावठी बाँब. यांना डुक्कर, बिबट्या, गाय आणि माणूस यांतला फरक कळत नाही. बंदुकीची चर्चा नीट होणे मला गरजेचे वाटते ते याही कारणाने: परवानगी, प्रशिक्षित हात आणि योग्य काडतूस यांची वाट मोकळी असेल तर उघड्या तारेला हात घालायची वेळ येत नाही.

बोरशेतीचा धडा

२०२५ च्या सुरुवातीला, डहाणूच्या शेजारच्या पालघर तालुक्यात बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. त्यांच्यातल्या एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि तो सोबती मेला. घाबरलेल्या इतरांनी ते प्रेत झाडीत लपवले. पुढे पोलिसांना ते सापडले आणि अटका झाल्या. एक माणूस गेला आणि अनेक घरे उद्ध्वस्त झाली.

हे टळले असते ते बंदुकीचे माप बदलून नव्हे. तिथे ३१५ असती काय, बारा बोअर असती काय, शेवट तोच झाला असता. चुकला तो क्रम. आधी ओळख, मग मागची जागा, मग अंतर, आणि सगळ्यांत शेवटी चाप, हा क्रम उलटा झाला. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. इंग्लंड-वेल्समध्ये हरणासाठी किमान किती मापाची आणि किती ताकदीची रायफल हवी हे कायदा सांगतो. आपल्याकडे परवाना कागदपत्रांवर मिळतो, पुढे त्या हाताची कसोटी क्वचितच लागते. पिकासाठी डुक्कर मारण्याची परवानगी देताना त्या माणसाने तीस मीटरवरच्या ताटलीएवढ्या निशाणावर लागोपाठ पाच गोळ्या मारून दाखवाव्यात, अशी अट घातली तर कुणाचेही नुकसान होणार नाही.

मग निवड कोणती?

डहाणू–तलासरीत, परवानगी हातात असताना, पीक राखण्यासाठी एकच बंदूक निवडायची तर मी बारा बोअरची दुनळी निवडीन आणि डुकरासाठी तिच्यात एलजी न भरता एकसंध गोळी भरीन. जमिनीवरून न मारता माळ्यावरून मारीन, कारण वरून झाडलेली गोळी हुकली तरी मातीत जाते. अंतर तीस मीटर, फार तर पस्तीस. हातबत्तीच्या झोतात जनावर पूर्ण आडवे दिसल्याशिवाय बार नाही. मागे डोंगराचा उतार असेल आणि हात सरावाचा असेल तर ३१५ सुद्धा तितकीच योग्य. त्याहून मोठे, वेगवान, महागडे काडतूस या रानाला लागत नाही.

आणि बंदुकीच्याही आधी कुंपण, गावकीने पाळीपाळीने केलेली राखण, वेळेवर मागितलेली भरपाई. शेवटी मारायचेच ठरले तर ते पाड्याला सांगून, कोण कुठे आहे हे मोजून, ठरलेल्या माळ्यावरून, ठरलेल्या दिशेला. ही शिस्त नवी नाही. कामठा ओढून वीस पावलांवर उभा राहिलेला वारली ती पाळत होता, कारण त्याच्या हत्याराला दुसरा इलाज नव्हता. आज हत्यार आपल्याला लांबून मारू देते. तरीही जवळ जायचे, नीट पाहायचे आणि शंका आली तर बार न काढता माळ्यावरून उतरून घरी यायचे, हे आता ज्याच्या हातात बंदूक आहे त्याने स्वतः ठरवायचे आहे.